तरुणवयातील एकजनुकी मधुमेह आणि नागपूर परिसरातील त्याच्या निदानाचा प्रश्न

मधुमेह कुळातून येतो, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन प्रकार सांगितले असून पहिल्याचे मूळ मातापित्यांच्या बीजदोषात आणि दुसऱ्याचे अहितकर आहारविहारात दाखविले आहे. पहिल्या प्रकारचा रोगी कृश आणि दुसऱ्या प्रकारचा बहुधा स्थूल असतो, असे निरीक्षणही तेथे नमूद आहे. आधुनिक वैद्यकाने मधुमेहाची जी विभागणी केली तीही ढोबळ मानाने याच रेषेवर होती. बालवयात अकस्मात उद्भवणारा व इन्सुलिनवाचून प्राणघातक ठरणारा तो टाइप १, आणि प्रौढ वयात हळूहळू प्रकट होणारा तो टाइप २. मात्र या दोन कप्प्यांत न बसणारा एक तिसरा गट आहे. त्यात एका जनुकातील एकच दोष पिढ्यानुपिढ्या उतरत जातो आणि ऐन तारुण्यात, क्वचित जन्मानंतर काही दिवसांतच, मधुमेह उत्पन्न करतो. ‘बीजदोष’ हा प्राचीन शब्द काटेकोर अर्थाने लागू पडतो तो या गटाला.

हा गट लहान आहे. ब्रिटनमध्ये तीस वर्षांच्या आत मधुमेह जडलेल्यांत त्याचे प्रमाण सुमारे ३ ते ४ टक्के भरते. परंतु संख्येने लहान म्हणून त्याचे महत्त्व लहान ठरत नाही. कारण येथे निदानाबरोबर उपचार समूळ बदलतो. एखाद्या मुलाने जन्मभर दिवसातून चार वेळा सुई टोचून घ्यावयाची, की एक लहानशी गोळी घ्यावयाची, की काहीच न घेता निर्धास्त राहावयाचे, हे त्या एका जनुकावर अवलंबून असते. उलट बाजूने चूक झाली, म्हणजे खऱ्या टाइप १ रोग्याला या गटातला समजून त्याचे इन्सुलिन बंद केले, तर थोड्याच काळात त्याच्या जिवावर बेतते. या दोन चुकांमधील वाट नागपूर व विदर्भ या प्रदेशात कशी काढावयाची, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कल्पनेचा उगम

इन्सुलिनचा पहिला यशस्वी उपयोग १९२२ साली टोरांटो येथे चौदा वर्षांच्या एका मुलावर झाला. त्यानंतर बालवयातील मधुमेह म्हणजे इन्सुलिनचा अभाव, हे समीकरण रूढ झाले. १९३६ साली हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी इन्सुलिनला संवेदनशील व असंवेदनशील अशी रोग्यांची विभागणी केली. तिनेही वय आणि रोगाचा प्रकार यांचे नाते एकंदरीत दृढच केले.

या समजुतीला पहिला धक्का मिशिगन विद्यापीठातील स्टीफन फायान्स आणि जेरोम कॉन यांच्या कार्याने बसला. सौम्य मधुमेह असलेल्या काही तरुणांची शर्करा-सहिष्णुता टॉल्ब्युटामाइड या गोळीने सुधारते, असे त्यांनी १९६० साली दाखविले. लंडनमध्ये रॉबर्ट टॅटरसॉल यांनी १९७४ साली अशा तीन कुटुंबांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्या कुटुंबांतील मधुमेह तरुणपणी सुरू झाला होता, अनेक वर्षे इन्सुलिनवाचून आटोक्यात राहिला होता आणि एका पिढीतून दुसऱ्या पिढीत प्रभावी गुणाप्रमाणे उतरत होता. पुढच्याच वर्षी टॅटरसॉल व फायान्स यांनी एकत्र येऊन या प्रकाराला तरुणांतील प्रौढस्वरूपी मधुमेह असे नाव दिले. त्याच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून बनलेला ‘मोडी’ हा शब्द आज सर्वत्र प्रचलित आहे. महाराष्ट्रातील वाचकाला या शब्दाने जुन्या दप्तरांतील लिपी आठवेल. पण दोहोंत साम्य असलेच तर एवढेच, की दोन्ही वाचावयास विशेष अभ्यास लागतो.

मेंडेलच्या नियमानुसार प्रभावी गुणाचा अर्थ उघड आहे. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच सदोष असली तरी रोग होतो. म्हणून रोगी मातापित्यांपैकी एकाकडून तो येतो, मुलामुलींत सारख्याच प्रमाणात दिसतो आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. या नियमाच्या आधारे प्रत्यक्ष जनुके हाती येण्यास मात्र १९९२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ७ व्या गुणसूत्रावरील ग्लुकोकायनेजचे जनुक सापडले. १९९६ साली १२ व्या गुणसूत्रावरील एचएनएफ-१ अल्फा आणि २० व्या गुणसूत्रावरील एचएनएफ-४ अल्फा ही जनुके, तर १९९७ साली १७ व्या गुणसूत्रावरील एचएनएफ-१ बीटा हे जनुक उजेडात आले.

बीटा पेशीतील साखळी

ही जनुके नेमके काय बिघडवितात हे समजण्यासाठी स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन कसे सोडते, हे पाहिले पाहिजे. रक्तातील ग्लुकोज पेशीत शिरते. ग्लुकोकायनेज हे विकर त्याला फॉस्फेटची जोड देऊन ज्वलनाच्या मार्गाला लावते. ज्वलनातून एटीपी हा ऊर्जावाहक पदार्थ निर्माण होतो. एटीपी वाढले की पेशीच्या आवरणातील पोटॅशियमचे द्वार बंद होते. त्यामुळे आवरणावरील विद्युत्भार बदलतो, कॅल्शियमचे द्वार उघडते आणि कॅल्शियम आत शिरताच साठविलेले इन्सुलिन बाहेर पडते. ही साखळी एकामागून एक कड्यांची आहे. आणि कोणते कडे तुटले यावर रोगाचे रूप ठरते.

पहिले कडे ग्लुकोकायनेजचे. हे विकर पेशीचा जणू शर्करामापक होय. त्याची एक प्रत सदोष असली म्हणजे मापकाचा काटा थोडा वर सरकतो. पेशी इन्सुलिन सोडते, पण थोड्या उंच पातळीवर. परिणामी उपाशीपोटीची रक्तशर्करा जन्मापासून दर १०० मिलिलिटरमागे १०० ते १४५ मिलिग्रॅमच्या आसपास राहते आणि वयाबरोबर ती फारशी वाढत नाही. ब्रिटनमधील एका अभ्यासात अशा व्यक्तींना सुमारे पन्नास वर्षे ही किंचित वाढलेली शर्करा सोबतीला असूनही डोळे, मूत्रपिंडे व रक्तवाहिन्या यांचे गंभीर विकार त्यांच्यात फारच थोडे आढळले. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. म्हणून गरोदरपणाचा काळ वगळता अशा व्यक्तींना औषधाची गरज नसते. औषध दिले तरी शरीर आपली ठरलेली पातळी पुन्हा गाठते. हेच जनुक दोन्ही बाजूंनी सदोष मिळाले तर मात्र नवजात अर्भकालाच तीव्र व कायमचा मधुमेह होतो.

गरोदरपणात या प्रकाराचे एक लक्षणीय वैशिष्ट्य दिसते. मातेत दोष आहे पण गर्भात नाही, अशा वेळी मातेच्या वाढलेल्या शर्करेमुळे गर्भ अधिक इन्सुलिन तयार करतो व बालक वजनाने भरते. दोष पित्याकडून आलेला असून माता निर्दोष असेल, तर गर्भाचे इन्सुलिन कमी पडते आणि बालकाचे वजन सुमारे अर्धा किलोने घटते. हे अँड्र्यू हॅटर्सली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखविले. दोघांत दोष असल्यास वजन बहुधा सामान्यच राहते. म्हणून केवळ साखर वाढलेली दिसते एवढ्यावरून अशा गर्भवतीला इन्सुलिन देणे नेहमीच हितावह ठरत नाही.

दुसरा गट एचएनएफ-१ अल्फा व एचएनएफ-४ अल्फा यांचा. ही जनुके स्वतः ज्वलनात भाग घेत नाहीत. ती इतर अनेक जनुकांना कामाला लावणारी प्रथिने घडवितात. त्यांत दोष आला म्हणजे ग्लुकोजचे वहन व ज्वलन यांसाठी लागणारी सामग्रीच अपुरी पडते. हा रोग बालपणी दडलेला असतो, पौगंडावस्थेत वा विशीत प्रकट होतो आणि वयानुसार तीव्र होत जातो. एचएनएफ-१ अल्फाचा दोष असलेल्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांना पंचविशीपर्यंत आणि ९५ टक्क्यांहून अधिकांना पंचावन्न वर्षांपर्यंत मधुमेह होतो. येथे उपेक्षा केल्यास डोळ्यांचे व मूत्रपिंडांचे विकार इतर मधुमेहाप्रमाणेच जडतात. एक खूण मात्र उपयोगी आहे. मूत्रपिंडांची ग्लुकोज परत शोषण्याची शक्ती कमी असल्याने रक्तशर्करा फारशी वाढलेली नसतानाही लघवीत साखर उतरते. एचएनएफ-४ अल्फाच्या बाबतीत अर्भक जन्मतःच वजनदार असते व काही वेळा जन्मानंतर त्याची रक्तशर्करा धोकादायक रीतीने खाली जाते. त्याच व्यक्तीला पुढे तारुण्यात मधुमेह होतो.

या गटाचा उपचार साखळीवरूनच समजतो. दोष वरच्या कड्यांत आहे. पोटॅशियमचे द्वार शाबूत आहे. सल्फोनिलयुरिया जातीची औषधे हे द्वार थेट बंद करतात. म्हणजे तुटलेली कडी ओलांडून ती पुढच्या कडीला हात घालतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत एचएनएफ-१ अल्फाच्या रोग्यांमध्ये ग्लिक्लाझाइडचा परिणाम मेटफॉर्मिनच्या सुमारे पाचपट आढळला. ही औषधे जुनी व स्वस्त आहेत. १९४२ साली फ्रान्समधील माँपेलिए येथे मार्सेल जाँबाँ यांनी विषमज्वराच्या रोग्यांना दिलेल्या एका सल्फा औषधाने त्यांची रक्तशर्करा उतरते, हे पाहिल्यापासून त्यांचा इतिहास सुरू होतो.

तिसरे कडे म्हणजे ते पोटॅशियमचे द्वारच. त्याचे दोन भाग घडविणाऱ्या केसीएनजे-११ व एबीसीसी-८ या जनुकांतील काही दोषांमुळे द्वार उघडेच राहते आणि बालकाला आयुष्याच्या पहिल्या सहा महिन्यांतच मधुमेह होतो. केसीएनजे-११ चा शोध २००४ साली लागला. २००६ साली असे दिसून आले, की या बालकांपैकी बहुतेकांचे इन्सुलिन थांबवून त्यांना पुरेशा मात्रेत सल्फोनिलयुरिया देता येते आणि शर्करेचे नियंत्रण पूर्वीपेक्षा चांगले राहते. म्हणूनच सहा महिन्यांच्या आत मधुमेह झालेल्या प्रत्येक बालकाची जनुकपरीक्षा झालीच पाहिजे, हा आज सर्वमान्य नियम आहे. त्या वयातील मधुमेह टाइप १ असण्याचा संभव अत्यल्प असतो.

भारतीय रोगी आणि पाश्चात्य कसोट्या

मोडीची मूळ व्याख्या तीन लक्षणांवर उभी होती: पंचविशीच्या आत प्रारंभ, इन्सुलिनवाचून निभावणे आणि सलग दोन-तीन पिढ्यांत रोग. युरोपात ही लक्षणे एकत्र दिसली की संशय बळावतो. भारतात तसे होत नाही. येथे टाइप २ मधुमेहही लवकर येतो, तो सडपातळ माणसालाही होतो आणि घरात आजोबा, वडील व चुलते असे सर्वच मधुमेही असणे नवलाचे राहिलेले नाही. १९८५ साली मद्रासच्या व्ही. मोहन, ए. रामचंद्रन आदी संशोधकांनी जुन्या व्याख्येनुसार भारतीयांत मोडीचे प्रमाण मोठे असल्याचे नोंदविले होते. पुढे जनुके वाचता येऊ लागल्यावर निराळे चित्र दिसले. दक्षिण भारतातील ज्या रोग्यांना लक्षणांवरून मोडी ठरविले होते, त्यांच्यातील थोड्यांच्याच जनुकांत ज्ञात दोष सापडले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चेन्नईच्या एका अभ्यासात एचएनएफ-१ अल्फाचे दोष तपासलेल्यांपैकी सुमारे ९ टक्क्यांत आढळले. २०१८ साली चेन्नईच्याच संशोधकांनी दीडशेहून अधिक रोग्यांच्या जनुकांचे विस्तृत वाचन करून एनकेएक्स ६-१ या जनुकाचा संबंध मोडीशी असावा असे सुचविले.

महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर या प्रश्नावरील महत्त्वाचे कार्य पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात झाले आहे. भारतीय अर्भक वजनाने लहान असूनही चरबीच्या प्रमाणाने युरोपीय अर्भकाच्या जवळ असते, हा सडपातळ पण मेदयुक्त देहाचा सिद्धान्त चित्तरंजन याज्ञिक यांनी तेथूनच मांडला. त्याच केंद्राच्या रोग्यांवर आधारलेला व २०२२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास असे सांगतो, की पंचेचाळिशीच्या आत टाइप २ मधुमेह झालेल्या भारतीयांत अर्ध्याहून अधिकांचा मुख्य दोष इन्सुलिनची कमतरता हा असतो. म्हणजे सडपातळ अंगयष्टी व इन्सुलिनची न्यूनता ही जी लक्षणे युरोपात टाइप २ च्या विरुद्ध पुरावा मानली जातात, तीच येथे टाइप २ ची नित्याची लक्षणे ठरतात.

टाइप १ च्या बाबतीतही असेच आहे. २०२० साली पुणे, हैदराबाद आणि इंग्लंडमधील एक्झिटर येथील संशोधकांनी पुण्याच्या रोग्यांवर एक जनुकीय गुणांक तपासला. अनेक जनुकांतील लहान लहान फरकांची बेरीज करून टाइप १ चा कल मोजणारा हा गुणांक युरोपीय माहितीवर रचलेला होता. तो भारतीयांतही टाइप १ व टाइप २ यांत भेद करू शकतो, पण युरोपीयांइतक्या स्पष्टपणे नाही, असा निष्कर्ष निघाला. परक्या मापाने शिवलेला अंगरखा अंगात जातो, पण नीट बसत नाही, असाच हा अनुभव म्हणावा लागेल.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २००६ साली तरुण मधुमेह्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. तिच्या पहिल्या टप्प्यातील पंचविशीपर्यंतच्या साडेपाच हजारांहून अधिक रोग्यांपैकी सुमारे ६४ टक्के टाइप १ आणि सुमारे २५ टक्के टाइप २ असल्याचे नोंदले गेले. उरलेल्यांत एकजनुकी प्रकार, स्वादुपिंडाच्या विकारांतून आलेला मधुमेह आणि अनिश्चित प्रकार मोडतात. नागपूरच्या वैद्याला तरुण मधुमेही भेटतो तो या मिश्र समूहातून.

नागपूरची विशेष अडचण : सिकलसेल

वरील अडचणी सर्व भारताच्या आहेत. विदर्भात त्यांच्यात आणखी एकीची भर पडते. आणि तीही आनुवंशिकच आहे. भारतात सिकलसेल हा रक्तदोष प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळला. १९५८ साली शुक्ल व सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातील सिकलसेल गुणाची नोंद प्रसिद्ध केली आणि हा दोष नागपूरच्या आसपास नांदत असल्याचे जगाला कळले. विदर्भातील अनेक अनुसूचित जाती, आदिवासी व काही इतर समाज यांत तो पुष्कळ प्रमाणात आहे. २०२३ च्या १ जुलै रोजी केंद्र शासनाने जी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम आरंभिली तिच्या कार्यक्षेत्रात विदर्भही येतो.

मधुमेहाशी त्याचा संबंध मोजमापाच्या द्वारे येतो. मधुमेहाचे निदान व नियंत्रण यांसाठी एचबीए-१-सी ही परीक्षा आज सर्रास वापरली जाते. रक्तातील ग्लुकोज हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटते आणि तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्यामुळे चिकटलेल्या भागाचे प्रमाण मागील दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शर्करेचा अंदाज देते. हा अंदाज दोन गृहीतांवर उभा आहे: हिमोग्लोबिन नेहमीचे असावे आणि पेशी नेहमीइतक्या जगाव्यात. सिकलसेलच्या पूर्ण रोग्यात दोन्ही गृहीते कोसळतात. त्याच्यात नेहमीचे हिमोग्लोबिन-ए नसतेच आणि पेशी अवघ्या १० ते २० दिवसांत नष्ट होतात. अशा रोग्याचा एचबीए-१-सी निरर्थक होय. वारंवार रक्त दिलेल्या रोग्यात तर तो दात्यांच्याही रक्ताचे मोजमाप करतो.

खरा धोका आहे तो वाहकात. कारण वाहक निरोगी असतो आणि आपण वाहक आहोत हे पुष्कळदा त्याला ठाऊकही नसते. अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या साडेचार हजारांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवर आधारलेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रक्तशर्करा सारखीच असताना वाहकांचा एचबीए-१-सी इतरांपेक्षा सुमारे ०.३ अंकांनी कमी भरला. ०.३ हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु ग्लुकोकायनेजच्या दोषात चाळिशीच्या आतील व्यक्तींचा एचबीए-१-सी ५.६ ते ७.३ टक्के या अरुंद पट्ट्यातच असतो आणि मधुमेहाची सीमारेषा ६.५ वर आहे. या पट्ट्याच्या खालच्या टोकाजवळची व्यक्ती ०.३ ने घसरली तर निरोगी गणली जाते. वरच्या टोकाबाहेरची, म्हणजे निराळाच मधुमेह असलेली व्यक्ती, घसरून या पट्ट्यात शिरते आणि उपचाराची गरज नाही असा चुकीचा दिलासा मिळवते. याखेरीज जी-६-पीडी या विकराची न्यूनताही एचबीए-१-सीचा आकडा खाली ओढते, तर लोहाच्या अभावाने होणारा पांडुरोग तो बहुधा वर नेतो.

यातून एक साधा नियम निघतो. विदर्भातील तरुण मधुमेह्याचा प्रकार ठरविताना एचबीए-१-सी एकट्याने पुरेसा मानू नये. त्याच्याबरोबर उपाशीपोटीची व ग्लुकोज दिल्यानंतरची रक्तशर्करा प्रत्यक्ष मोजावी, हिमोग्लोबिनचा प्रकार तपासावा, आणि दोष आढळल्यास फ्रुक्टोसामीनसारख्या, हिमोग्लोबिनवर अवलंबून नसलेल्या परीक्षेचा आधार घ्यावा. सिकलसेलच्या तपासणीसाठी ज्या कुटुंबांची नोंद शासकीय यंत्रणेकडे होत आहे, त्याच नोंदीचा मधुमेहाच्या निदानात उपयोग होऊ शकतो.

अप्रभावी प्रकार आणि नात्यातील विवाह

आतापर्यंत विचारात घेतलेले बहुतेक दोष प्रभावी आहेत. काही दुर्मीळ प्रकार मात्र अप्रभावी आहेत. वोल्फ्राम यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोगात बालवयातील मधुमेहाबरोबर दृष्टी व श्रवणशक्ती क्षीण होतात. त्याचे मुख्य जनुक १९९८ साली सापडले. एसएलसी-१९-ए-२ या जनुकाच्या दोषात मधुमेह, बहिरेपण आणि मोठ्या पेशींचा पांडुरोग एकत्र येतात. येथे थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, मोठ्या मात्रेत दिल्यास पांडुरोग हटतो व मधुमेहही पुष्कळदा सौम्य होतो. एका जीवनसत्त्वाने हाती लागणारा असा लाभ निदानाअभावी गमावणे खेदाचे ठरेल. मायटोकाँड्रियातील दोषाने येणारा मधुमेह व बहिरेपण मात्र फक्त मातेकडूनच उतरतो. कारण अपत्याला मायटोकाँड्रिया मिळतात ते मातेच्या बीजांडातून.

महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रीत होती व काही ठिकाणी ती अद्याप आहे. अप्रभावी रोगांच्या दृष्टीने तिचा परिणाम साध्या गणिताने दाखविता येतो. समजा, एखाद्या दोषाचा वाहक दर २०० माणसांत एक आहे. नात्याबाहेरच्या विवाहात दोघेही वाहक असून अपत्य रोगी होण्याचा संभव २०० गुणिले २०० गुणिले ४, म्हणजे १,६०,००० मध्ये एक. आते-मामे भावंडांच्या विवाहात एक वाहक असेल तर दुसऱ्यात तोच दोष असण्याचा संभव सुमारे एक-अष्टमांश असतो. म्हणून अपत्याचा धोका २०० गुणिले ८ गुणिले ४, म्हणजे ६,४०० मध्ये एक होतो. धोका पंचवीसपट वाढला, तरी तो मुळात लहानच आहे, हेही विसरता कामा नये. या माहितीचा उपयोग सल्ला देण्यासाठी व्हावा, दोष देण्यासाठी नव्हे.

निदानाचा क्रम

जनुकाचे वाचन पूर्वीच्या मानाने स्वस्त झाले असले तरी प्रत्येक तरुण मधुमेह्याच्या आवाक्यात ते नाही आणि त्याची गरजही नाही. आधी स्वस्त परीक्षांची चाळणी लावून मग महागडी परीक्षा करणे हाच विवेकाचा मार्ग होय.

समजा, काटोलकडील एका संत्राबागायतदाराच्या घरातला सोळा वर्षांचा मुलगा तीन वर्षे इन्सुलिन घेत आहे. त्याचे वडील पस्तिशीपासून व आजी तरुणपणापासून मधुमेही आहेत. पहिले पाऊल म्हणजे वंशवेल काढणे: कोणाला, कोणत्या वयात, कोणत्या औषधावर. दुसरे, टाइप १ ची प्रतिपिंडे तपासणे. ती आढळली तर शोध बहुधा तेथेच थांबतो. ती न आढळणे मात्र निर्णायक नव्हे. कारण भारतीय टाइप १ रोग्यांत प्रतिपिंडे न सापडण्याचे प्रमाण थोडे नाही. तिसरे, सी-पेप्टाइड मोजणे. शरीर इन्सुलिन तयार करते तेव्हा हा तुकडा त्याच्या बरोबरीने सुटतो. टोचलेल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. रोग सुरू होऊन तीन ते पाच वर्षे झाल्यावरही तो पुरेशा प्रमाणात असेल तर टाइप १ चे निदान संशयास्पद ठरते. रोगाच्या पहिल्या वर्षात मात्र टाइप १ मध्येही काही काळ स्वतःचे इन्सुलिन टिकून असते; त्या काळातील सी-पेप्टाइडवर विसंबून इन्सुलिन थांबविणे हे मोठे धाडस होय. या तिन्ही पायऱ्या एकाच दिशेने बोट दाखवीत असतील, तरच चौथी पायरी, जनुकाचे वाचन.

वाचन झाले म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. प्रत्येक माणसाच्या जनुकांत असंख्य निरुपद्रवी फरक असतात. एखादा फरक रोगकारक आहे की नाही हे ठरविण्यासाठी तो निरोगी लोकांत किती वेळा दिसतो याची तुलना करावी लागते. आणि ही तुलनेची भांडारे दीर्घकाळ मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची होती. युरोपात न दिसणारा पण भारतात सर्वसामान्य असलेला फरक त्यांच्या आधारे सहज रोगकारक ठरविला जाई. मोडीच्या यादीत गणल्या गेलेल्या बीएलके, केएलएफ-११ व पॅक्स-४ या तीन जनुकांविषयीचा पुरावा पुरेसा नाही, असे २०२२ साली दाखविण्यात आले. जीनोम इंडिया प्रकल्पाने सुमारे १०,००० भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती २०२५ च्या जानेवारीत संशोधकांसाठी खुली केल्यामुळे ही उणीव काही अंशी भरून निघेल. चौथ्या पायरीनंतरची शेवटची कसोटी घरातच असते: ज्या नातलगांना रोग आहे त्यांच्यात तो फरक असावा व जे वयस्क असूनही निरोगी आहेत त्यांच्यात तो बहुधा नसावा.

कुटुंबाचा प्रश्न

एकजनुकी मधुमेहाचे निदान कधीच एका माणसाचे नसते. त्या मुलाबरोबर त्याच्या वडिलांचे, आजीचे आणि अद्याप निरोगी असलेल्या धाकट्या बहिणीचेही भविष्य त्यात उघड होते. वडिलांना व आजीला त्याचा लाभ तात्काळ मिळतो, कारण त्यांचाही उपचार बदलू शकतो. बहिणीच्या बाबतीत प्रश्न नाजूक होतो. मुलीला मधुमेह आहे असे कळले की लग्न जुळताना अडथळा येतो, या भीतीने अनेक घरांत रोग लपविला जातो. जो रोग अद्याप झालेलाही नाही त्याचा संभव कागदावर लिहिला गेला तर ही भीती दुणावेल. ग्लुकोकायनेजच्या प्रकारात मात्र हेच निदान मुक्तिदायक ठरते: ही साखर निरुपद्रवी आहे, औषध नको, पथ्याची जाचक बंधने नकोत, असे लेखी सांगता येते. म्हणून जनुकपरीक्षेपूर्वी व नंतर कुटुंबाशी त्यांच्या भाषेत सविस्तर बोलणे हा परीक्षेचाच भाग समजला पाहिजे.

नागपुरात गरीब घरांतील टाइप १ मधुमेही मुलांना इन्सुलिन व शिक्षण पुरविण्याचे कार्य ड्रीम ट्रस्टसारख्या संस्थेने केले आहे. अशा मुलांच्या जीवनात इन्सुलिनचे स्थान अन्नाइतकेच अटळ आहे. त्यांच्या बाबतीत एकजनुकी मधुमेहाची चर्चा कोणालाही इन्सुलिन सोडण्याचा मोह घालणारी ठरू नये. त्याच गर्दीत एखादा असाही रोगी असू शकतो, ज्याला एवढ्या सुयांची गरज कधीच नव्हती. त्याला ओळखण्यासाठी लागणारी साधने थोडी आहेत: काळजीपूर्वक काढलेली वंशवेल, दोन रक्तपरीक्षा, हिमोग्लोबिनचा प्रकार आणि शेवटी जनुकाचे वाचन. वैद्यक, जीवरसायन, आनुवंशिकी आणि समाजशास्त्र या चारही विषयांच्या अभ्यासकांना येथे काम आहे. सिकलसेलच्या अभ्यासात नागपूरने सात दशकांपूर्वीच आपला वाटा उचलला. त्याच घरांच्या वंशवेलींत मधुमेहाचा धागाही शोधला गेला, तर एकाच पाहणीतून दोन आनुवंशिक रोगांवर प्रकाश पडेल.